सहा काड्यांचा मुख्य विणकर

एका जंगलात, बाळांनो, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला पंधरा सुगरणींची पंधरा घरटी लटकत होती. सगळी सारखीच घट्ट. सिंहमहाराजांच्या डोळ्यांत ते खुपलं. सगळ्याच हुशार कशा? त्यांनी शेजारच्या जंगलातून आकडेमोड शिकलेले घुबडशास्त्री बोलावले.

शास्त्रीबुवांनी प्रत्येक घरट्यातल्या काड्या मोजल्या. सरासरी काढली. मग कोण सरासरीच्या किती पायऱ्या वर आणि किती खाली, ते पानावर लिहिलं. सगळ्यांच्या काड्या पाचशेच्या आसपास. तारूबाईच्या तेवढ्या चारशे नव्वद. म्हणजे उणे अडीच पायऱ्या.

"पण माझं घरटं गळत नाही हो!" तारूबाई म्हणाली.

"गळण्याचा संबंधच नाही. गुणांचा आलेख घंटेसारखा असतो. घंटेच्या डाव्या कडेला कुणीतरी लागतंच."

डाव्या कडेचं घरटं पौर्णिमेला तोडायचा हुकूम सुटला. तारूबाईच्या घरट्यात दोन अंडी होती.

"आज ती, पुढच्या साली आपण," सुगरणी कुजबुजल्या. थोरली गोदाक्का म्हणाली, "अगं रडतेस काय? आपल्याहून गबाळं कुणीतरी आणू आणि मोजणी पुन्हा मागू."

त्यांनी कबुतराच्या भाऊबंदांतल्या होल्याला आणलं. होला सहा काड्या टाकतो आणि त्याला घर म्हणतो. त्याला रोज कोवळे दाणे मिळू लागले.

"भाऊजी, विणायला तेवढं शिकू नका हं."

"छे हो वहिनी, त्या बाबतीत निर्धास्त राहा."

पुन्हा मोजणी झाली. होल्यानं सरासरी खाली ओढली आणि एकेक पायरीही भलतीच उंच करून टाकली. सगळ्या सुगरणी सरासरीच्या पाव पायरी वर आल्या, तारूबाईसुद्धा. होला गेला पावणेचार पायऱ्या खाली. तारूबाईला आनंदानं रडू फुटलं.

पण त्या दरबारात राजासमोर 'उणे' म्हणायची चाल नव्हती. एकदा एका कोल्ह्यानं म्हटलं होतं. त्याची नुसती शेपूट सापडली. शास्त्रीबुवांनी ती पाहिली होती.

"सुगरणी, पाव," त्यांनी वाचलं. मग 'उणे' तेवढं गिळलं. "होला, पावणेचार."

"कुठे पाव आणि कुठे पावणेचार!" सिंह गरजला. "होला आजपासून मुख्य विणकर. सगळ्यांनी त्याच्यासारखंच बांधायचं."

"महाराज, मला विणता येत नाही," होला खरं तेच बोलला.

"बघा, केवढा हा विनय!"

सुगरणींनी आपापली घरटी उसवली. तारूबाईनं दोन अंडी सहा काड्यांवर ठेवली. संध्याकाळी वारा सुटला, रोजचाच. खाली विहीर होती.

सकाळी शास्त्रीबुवांनी अहवाल दिला: सगळी घरटी सारखी, आता कुणीही मागे नाही. महाराज प्रसन्न झाले.

तात्पर्य: बाळांनो, वर चढणं जमत नसेल तर खूप खाली उतरावं. राजाला फक्त अंतर ऐकू येतं.