लाकूड पाहून आरा लावणारे लहानूभाऊ

आमच्या एटापल्लीकडच्या लाकूड डेपोतले लहानू जमादार नवा माणूस भेटला की आधी त्याच्या पाठीवर बोटाने दोनदा ठोकत आणि कान लावून ऐकत. ओंडका आतून भरीव की पोकळ, हे त्यांना कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून कळे. माणसातलं काय कळे ते देव जाणे. मी कारकून म्हणून रुजू झालो त्या दिवशी माझ्याही पाठीवर दोन ठोके बसले आणि मी साफ चिडलो.

बाजाराच्या दिवशी मनाने त्रासलेली माणसं डेपोवर त्यांच्याकडे येत. औषध ते देत नसत. कोणी कोणाकडे जावं, एवढंच सांगत. "लाकूड पाहून आरा लावा," हे त्यांचं पालुपद. नाल्यापाशी भूत पाहून तापाने फणफणलेल्या कोतवालाला त्यांनी गावच्या पुजाऱ्याकडे धाडलं. "भेव इथलं, तं मानूसबी इथलाच पाह्यजे!" झोप उडालेल्या ठेकेदाराला मात्र म्हणाले, "तुले कोनाचीच गरज नाई. मोहाची दारू सोड अन् बायकोशी बोल." ठेकेदाराने वर्षभर त्यांचं तोंड पाहिलं नाही.

मी हसत असे. मग आमच्या घरी बाळ आलं आणि माझी बायको कमल गप्प झाली. जेवेना, बाळाला जवळ घेईना, भिंतीकडे तोंड करून पडून राही. आई म्हणाली, दृष्ट लागली. दवाखान्यातून ताकदीचं औषध आणलं, तेही लागू पडलं नाही. नागपूरला न्यावं तर लोक तिला वेडी म्हणतील, या धास्तीने मी गप्प होतो. खरं सांगतो, तेव्हा मला बायकोपेक्षा लोकांचीच काळजी जास्त होती. आज त्याची लाज वाटते.

एका सकाळी लहानूभाऊ दारात उभे.

"काऊन वाट पाहून राह्यले बाबूजी? नागपूरले मनाचा डाक्टर हाये, तो दवा देते. बाजूच्या खोलीत एक बाई बसतात, त्या दवा देत नाईत, तासभर आयकतात. दोघंबी लागतील. अन् घरच्यायले समजावनारी एक ताई हाये, ते तुमच्या मायसाठी."

"तुम्हाला एवढं कसं माहीत, भाऊ?"

"चला आधी."

लाकडाच्या ट्रकातून बल्लारशा आणि तिथून रेल्वेने नागपूर. सगळा रस्ता बाळ त्यांच्याच मांडीवर. गाडीत कमलचा डोळा लागल्यावर ते बोलले. मूल गेल्यावर त्यांच्या पत्नी यमुनाबाईही अशाच झाल्या होत्या. "दोन वर्सं पुजारी, वैदू, पुन्हा पुजारी, असं फिरवलं म्या तिले. नागपूरले मंग नेलं. बरी झाली, पन तवरिक गावानं येडी नाव ठेवून टाकलं."

कमलला तीन महिने लागले. दोन खेपा आणखी झाल्या. ती हसू लागली, बाळाशी बोलू लागली, आणि एके दिवशी त्याला कडेवर घेऊन थेट भाऊंच्या घरी निघाली. मी मागोमाग.

यमुनाबाईंनी हात पुढे केले. कमलने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. भाऊंनी गडबडीने चहाचं आधण चढवलं आणि फळीवर हात फिरवला. कप दोनच निघाले.

"नऊ वर्सांत इथी कोनी आलंच नाई ना बाबूजी," ते म्हणाले. मग तसेच अनवाणी अंगणात गेले आणि शेजारच्या कुडावरून साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "दोन कप द्या वो बाई, आमच्याकडे पाव्हने आले!"