शेतीच्या कार्यक्रमाला सफारी

जगन आप्पा शिंपी कपडे वाराला देत नाहीत, तारखेला देत नाहीत, कार्यक्रमाला देतात. "तुन्हा शर्ट? उद्या शेतीना कार्यक्रमले लई जाय." बस्स. पुढे एक शब्द नाही.

नंदुरबारात नवीन आलो तेव्हा मी विचारलं होतं, "आप्पा, कार्यक्रम कुठे आहे? मंडप कुठे टाकलाय?" आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि फळीवरच्या रेडिओकडे बोट दाखवलं. पंचायत समितीत कारकुनी करणाऱ्या माणसाला शेतीचा कार्यक्रम किती वाजता लागतो हे ठाऊक नसावं, याची त्यांना मनापासून शरम वाटली असावी. शेवटी एका पँटीपायी मी रेडिओ विकत घेतला.

आप्पा शिवतातही रेडिओच्या तालावर. भक्तिगीतांना बाही, खेळाच्या बातम्यांना काज, आणि कॉलर फक्त शास्त्रीय गायनाला. "कॉलरले धीर लागस," म्हणतात. क्रिकेटचं समालोचन मात्र गिऱ्हाइकाला घातक. माझ्या निळ्या शर्टाचं तिसरं बटण आपला संघ हरत असताना लागलंय. ते आजही मान खाली घालून असतं.

स्वतः आप्पा बोलत नाहीत. माप घेतानाही आकडा तोंडाने सांगत नाहीत, भिंतीवर खडूने लिहितात. बातम्या चालू असताना गिऱ्हाईक शिंकलं तर कात्री थांबते आणि गिऱ्हाइकालाच माफी मागावीशी वाटते.

तर गेल्या लोकसभेच्या वेळची गोष्ट. आमच्या लेकीचा, मीनलचा साखरपुडा ठरला. ऐन मोसमात बसस्टँडजवळचा हॉल मला एका फोनमध्ये मिळाला, म्हणून मी घरात आठवडाभर छाती काढून फिरत होतो. हॉल रिकामा का होता हे पत्रिका वाटून झाल्यावर बायकोने सांगितलं.

"अहो, त्या दिवशी मतमोजणी आहे. गावात मिरवणुका निघतील. तुम्ही पेपर वाचता की नुसता चाळता?"

लग्नातला कोट पोटावर बसेना, म्हणून आप्पांकडे सफारी टाकली. वायदा त्याच दिवशीचा, शेतीच्या कार्यक्रमाचा. म्हणजे संध्याकाळी साडेसहा. खांडबाऱ्याची पाहुणेमंडळी गाडीने सातला उतरणार, आठला साखरपुडा. हिशेब चोख होता. एकच गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही: मतमोजणीच्या दिवशी रेडिओवर शेतीचा कार्यक्रमच नसतो.

सकाळी अकराला चक्कर टाकली. रेडिओवर सकाळपासून दिल्ली लागली होती ती लागलीच होती. हा आघाडीवर, तो पिछाडीवर. आप्पा कात्री हातात धरून बसलेले. पुढ्यात माझी सफारी, एका बाहीची.

"आप्पा, मन्ही सफारी?"

"भक्तिगीतं लागनात नहीत," आप्पा म्हणाले. दुसरी बाही का राहिली, याचं त्यांच्या मते हे संपूर्ण उत्तर होतं.

"मग गाण्याशिवाय लावा ना!"

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना डोळे मिटून इस्त्री करायला सांगितली. वर म्हणाले, "आपला मतदारसंघ राज्यात एक नंबर शे. पहिलं आपलं नाव येई. मंग दखू." नंदुरबार यादीत पहिलं, म्हणून रेडिओही एकपासून मोजत येणार, अशी त्यांची खात्री. रेडिओ मात्र देशभर हिंडत होता, आमच्याकडे फिरकत नव्हता.

बारा वाजले तसे आप्पा उठले, टोपी घातली, दुकानाला कुलूप लावलं आणि तरातरा निघून गेले. अर्ध्या तासाने परत. चेहरा घामाघूम.

इथे माझ्यातला विद्वान जागा झाला. शेजारच्या पानटपरीवर सलीमभाईंना मी हळूच म्हणालो, "आप्पांनी सट्टा लावलाय. भाव बघायला जातात."

"आप्पा ने?" पानाला चुना लावणारा सलीमभाईंचा हात थांबला. "भाऊसाहब, वो आदमी चाय का कप भी गिन के उठाता है."

पण दीड वाजेपर्यंत गल्लीतले दोघे मला विचारून गेले, आप्पांनी नेमकं कोणावर लावलंय. म्हणजे मीच सोडलेली पुडी गल्ली फिरून माझ्याकडेच परत आली. आणि गंमत म्हणजे तोवर माझाही तिच्यावर विश्वास बसला होता.

दोनला आप्पा पुन्हा टोपी घालून उठले. मी सफारी एका हातात, सुटी बाही दुसऱ्या हातात घेऊन त्यांच्या मागे. आज रंगेहाथ पकडायचं! दोन गल्ल्या ओलांडून ते स्वतःच्याच घरात शिरले. दाराला पडदा होता. मी बाहेर कान लावून उभा राहिलो.

आतून आवाज आला. आप्पांचाच, पण ओळखू येईना. अहिराणीचा मागमूस नाही, पाठ केल्यासारखी शुद्ध भाषा.

"नमस्कार. आता सादर करीत आहोत महिलांसाठी कार्यक्रम. आजचा विषय, वांग्याचं भरीत. वांगं प्रथम भाजून घ्यावं." मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज. "नंतर सोलावं. सोलताना हात भाजतो. तरी बाया सोलतात. त्यांचं कौतुक करायला हवं. कार्यक्रम संपला."

मी पडदा सारला. खिडकीजवळ खाटेवर आप्पांची बायको, सखूआक्का, पांढरी गोळी पाण्यासोबत घेत होत्या. आप्पा खाटेसमोर सरळ उभे, हात मांडीला चिकटवलेले. मला पाहून ते असे दचकले, जणू खरंच सट्टा खेळताना सापडले.

त्यांनी मला ओसरीत ओढलं. "दोन वरीस व्हयनात, तिले दिखत नही. गोळ्यासना टाइम रेडिओवर बांधेल शे. बारानी पिवळी, महिलासना कार्यक्रमले पांढरी, शेतीले अर्धी. आज कार्यक्रमच नहीत! चुकीनी गोळी लिधी तं?"

दिवसभर मनात घोळवलेला सट्टा मी गिळला. हातातली बाही पुढे करून एवढंच म्हणालो, "आणि हिचं काय?"

आप्पांनी बाहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरमा जुनं मशीन शे. मी शिवस. तुम्हीन बोला."

अशा रीतीने माझी रेडिओवर नेमणूक झाली.

आप्पा म्हणाले, मधला वेळ रिकामा ठेवला तर आक्का झोपून जाईल, म्हणून मी फर्माइशीही घेतल्या. "ही फर्माइश केली आहे खांडबाऱ्याहून बबन, छगन आणि मित्रमंडळाने," एवढं सफाईदार जमलं. मग गाणंही मलाच म्हणायचं आहे हे लक्षात आलं. दुसरी ओळ घेतली आणि आत मशीन थांबलं.

"भाऊसाहेब," आतून आवाज आला, "बाही वाकडी जाई ऱ्हायनी."

एवढ्यात बायकोचा फोन. "सफारी मिळाली का? तुम्ही आहात कुठे?"

"रेडिओवर," मी म्हणालो. तिने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी शेजारच्या टीव्हीवर आरडाओरडा झाला, चौकात फटाके वाजले. आमच्या एक नंबरच्या मतदारसंघाचा निकाल लागला होता. आप्पांनी मान वर केली नाही. दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत घातलं.

साडेसहाला मी शेतीचा कार्यक्रम सुरू केला. नंदुरबारात शेती म्हणजे मिरची, एवढं मला ठाऊक. "शेतकरी बंधूंनो, लाल मिरची आता पथारीवर, उघड्या मैदानात वाळत घालावी."

आक्का खुदकन हसल्या. "जेठ महिनामा? वर पानी पडी ना, भाऊ!"

मग त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं. उशाखालची डबी काढून उघडली, बोट फिरवलं. "हाई गोल. हाई लांबट. हाई अर्धी. बोटसले समजस. पहिला महिनामाच समजी गयं."

मी विचारलं, "मग आप्पांना सांगितलं का नाही?"

आत मशीन चालू होतं. आक्का त्याचा अंदाज घेऊन आणखी हळू बोलल्या. "चाळीस वरीस मन्हा हातनं भरीत खाधं त्यासनी. मीठ कमी शे, इतलं बी कधी बोलनात नहीत. आज दोनदाव घर उनात. हात भाजस म्हनीसन बोलनात." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "त्यासले सांगू नको हां."

मशीन थांबलं. "लिधी का तिनी गोळी?" आप्पांनी विचारलं.

डबी कधीच बंद होऊन उशाखाली गेली होती. आक्का हवेत हात चाचपत म्हणाल्या, "कोठे शे गोळी? माले काय दिखस?"

आप्पा बाहेर आले. सफारी माझ्या खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता खाटेवर टेकले. अर्धी गोळी आक्कांच्या तळहातावर ठेवली, त्यांची बोटं मिटवली. मग बोलले ते रेडिओच्या आवाजात नाही, आपल्याच.

"उद्या आभाळ येई वाटस. आंगनमा वाळाले टाकेल पापड्या मी आत लई ठेवसू. तू उठू नको."

मी आवाज न करता चपला पायात अडकवल्या. ओसरीतून बाहेर पडलो, तरी मागे हवामान चालूच होतं.