जपानी फोटोंसमोर स्थळ

अख्ख्या सोलापुरात गुपित राखावं तर पंचाक्षरींनीच! निदान त्यांचं स्वतःचं तरी तसं ठाम मत होतं. नवी पेठेत त्यांचं कापडाचं दुकान आणि घर शुक्रवार पेठेत. तिथं तुमच्या कुकरची शिट्टी झाली की आत डाळ कसली ते शेजारी सांगतात! त्यांच्या लेकीला, भुवनेश्वरीला बघून गेलेल्या मागच्या स्थळाचा नकार तर घरात यायच्या आधी बोळात पोचला होता.

"या वेळी जागा अशी शोधलीय की चिमणीबी फिरकत न्हाय!" ते बायकोला, सिद्धम्माला म्हणाले.

जागा होती जपानी नर्तकांच्या फोटोंचं प्रदर्शन.

अक्कलकोटहून नवरामुलगा शरणबसव आईला घेऊन आला. दोन्ही घरं हॉलमध्ये शिरली मात्र, उपाशी माणसाला ताट दिसावं तशा आयोजक संस्कृती मॅडम धावत आल्या.

"या, या! उद्घाटनानंतर पहिलीच माणसं हो तुम्ही!" त्यांचे डोळे भरून आले. "थांबा, फेसबुकवर लाईव्ह करते!"

पंचाक्षरी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांचा चेहरा पाहुण्यांसकट गावभर गेला होता.

थोड्याच वेळात बाहेर रिक्षांची रांग लागली. सगळ्यांत पुढं शेजारच्या कमलम्मा.

"अण्णा, पोरीला स्थळ आलंय आन् आमाला पत्ता न्हाय?" असं म्हणत त्या थेट एका फोटोसमोर गेल्या. फोटोत पांढराफटक रंग फासलेला जपानी नर्तक. "ह्यो पोरगा व्हय? नाकीडोळी बरा हाय, पण पावडर लई लावलीय की!"

भुवनेश्वरीला हसू आवरेना. शरणबसव गंभीरपणे म्हणाला, "मावशी, तो थोरला भाऊ. मी बिनपावडरीचा!"

तोवर मॅडमनी आनंदाच्या भरात सगळ्यांना कागदी पंखे वाटले. एक पंचाक्षरींच्याही हातात आला. एवढ्यात गर्दीत कमलम्मांची टाच त्यांच्या अंगठ्यावर पडली. "आई गं!" एक पाय वर, पंखा आभाळाकडं, तोंड उघडं! आणि नेमका तेव्हाच मॅडमनी बोलावलेल्या बातमीदारानं फ्लॅश मारला.

गेलं, हेही स्थळ गेलं! ते लंगडत मुलाच्या आईकडं गेले. "माफ करा, लई गोंधळ झाला."

"अवो, तिकडं बघा की," बाई डोळे पुसत हसत होत्या. खिडकीपाशी दोघं पंखे धरून फोटोतल्यासारखं उभं राहायला बघत होते, आणि दोघांनाही जमत नव्हतं. "पोरगी बघायला गेला की माझा शरणू दगडावानी बसतो. आज पहिल्यांदा तोंड उघडलं! आमचा होकार."

"अप्पा," भुवनेश्वरी तिथूनच ओरडली, "आमचाबी सांगून टाका की!"

पंचाक्षरींना रात्री आनंदानं झोप लागली नाही. सकाळी पेपरात फोटो झळकला: 'जपानी नृत्य सादर करताना सोलापूरचे ज्येष्ठ नर्तक.' पाठोपाठ संस्कृती मॅडमचा फोन. "काका, तुमच्या क्लासला नावं यायला लागलीत! सकाळचा ठेवू की संध्याकाळचा?"

"राँग नंबर!" पंचाक्षरी कसेबसे म्हणाले.

सिद्धम्मानं त्यांच्या हातातून फोन घेतला. "संध्याकाळचा ठेवा बाई. सकाळी त्यांना दुकान असतंय!"