वर म्हणजे कुठे?

साळवेकाकांच्या घरात प्रत्येक वस्तूवर बाण काढलेला आहे. मिठाच्या बरणीवर, झाडूवर, अगदी चहाच्या कपावरसुद्धा. बाणाशेजारी मार्करनं लिहिलेलं असतं, ‘वर’. मी एकदा म्हटलं, "काका, कप उलटा कोण धरणार?" तर म्हणाले, "भाऊ, एकदा उलटं झालं की सगळा इतिहास उलटा वाचतात."

चिखलीत त्यांचं दोन लेथ मशीनचं वर्कशॉप आहे. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेच्या नळ्यांना धारदार तोंडं बसवायचं काम त्यांना मिळालं आणि काका कामातून गेले. प्रवाळाजवळ तळाच्या गाळात ही नळी रुतवायची आणि गाळ थरांसकट बाहेर काढायचा. खालचा थर जुना, वरचा नवा. त्यातले बारीक शिंपले पाहून त्या काळी पाणी किती गरम होतं ते कळतं. पहिल्या खेपेला काका नळ्यांवर ‘वर’चा बाण कोरायला विसरले आणि सगळा माल परत आला. तेव्हापासून हे बाण.

"लई भारी हाय राव, गाळ कधी खोटं बोलत न्हाई," हे मूळचे लातूरचे, समुद्र कॅलेंडरवरच पाहिलेले काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतात.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. गच्ची गळायला लागली आणि कुंड्या हटवायचं ठरलं. काकूंच्या गुलाबाची सिमेंटची कुंडी जागची हलेना, ती फोडावीच लागणार होती. काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे काकांना सांगायला मी दोन दिवस लावले. काका मात्र उड्या मारत पारदर्शक नळी घेऊन आले.

"फोडा, पण आधी मला नळी घालू द्या."

आधी नळीवर बाण. मग हातोडीनं हळूहळू ठोकणं. मजूरसुद्धा घमेली ठेवून बघत राहिले. नळी अख्खी बाहेर आली तेव्हा मीच टाळी वाजवली.

तळाला विटांचे तुकडे. त्यावर काळी माती, चहाचा चोथा आणि अंड्यांची पांढरी टरफलं, थरावर थर.

"रोज चुरून टाकायची. वास येतो म्हणून मी ओरडायचो," म्हणत काका बोट वर सरकवत गेले आणि थांबले. वर चार बोटं नुसती लाल माती होती.

"इथं टरफलं संपली," काका म्हणाले.

गुलाब आता त्यांच्या बाल्कनीत, नव्या कुंडीत आहे. काल सकाळी दार वाजलं. काका वाटी घेऊन उभे.

"भाऊ, तुमच्याकडची टरफलं टाकू नका. मला एकट्याला एकच अंडं लागतंय, थर लवकर बसत न्हाई."