बिऱ्हाडाची रजिस्टरी

आंधळगावचे पोस्टमास्तर यादोराव रामटेके यांना भंडाऱ्याच्या मोठ्या पोस्टात बढती मिळाली, त्याच दिवशी त्यांच्या पत्नीने, धुरपताबाईंनी, भांडी बांधायला घेतली आणि यादोरावांनी माणसं तपासायला घेतली. बिऱ्हाड तालुक्याबाहेर जेमतेम तासाभराच्या वाटेवर हलवायचं होतं. पण ते कोणाच्या हाती सोपवायचं, हा प्रश्न यादोरावांना बढतीपेक्षा मोठा वाटत होता. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही पत्र चुकीच्या दारी गेलं नव्हतं. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत आणि जुन्या माणसाला महिन्यातून एकदा.

शिवाय आदल्याच वर्षी, म्हणजे सन ऐंशीत, शाळेच्या हेडमास्तरांचं सामान बदलीच्या गावी त्यांच्याच आडनावाच्या दुसऱ्या गृहस्थाच्या घरी उतरलं होतं. त्या गृहस्थाने ते आनंदाने उतरवून घेतलं. महिनाभराने पलंग परत आला, तोवर त्यावर एका लग्नाची सगळी पाहुणेमंडळी झोपून गेली होती.

पहिला आला भैय्यालाल. त्याचा ट्रक नवा होता आणि समोर लिंबू-मिरची होती. त्याने सांगितलं, की मास्तरांनी फक्त डोळे मिटून भरोसा ठेवावा. यादोरावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. डोळे मिटायला सांगणारा माणूस त्यांना पसंत नव्हता. दुसरा डोमा बंडीवाला. माणूस सोन्यासारखा, पण बंडीवर बसला की झोपायचा, आणि त्याच्या बैलांना मोहाडीच्या बाजारापलीकडची वाट ठाऊक नव्हती. सामान बाजारातच उतरलं असतं.

तिसरा सोमाजी. त्याचा ट्रक जुना होता, भाताच्या गिरणीची पोती वाहायचा. सोमाजी फार बोलत नसे. विचारलेल्या प्रश्नाला तो आधी जमिनीकडे पाही, मग उत्तर देई. यादोरावांनी त्याची परीक्षाच घेतली. मोहाडीच्या एका ओळखीच्या माणसाच्या नावे एक बंद पुडकं दिलं आणि त्याच्याच हाती द्यायला सांगितलं. संध्याकाळी सोमाजी पुडकं परत घेऊन आला. तो माणूस घरी नव्हता. त्याच्या बापाने मागितलं, पण सोमाजीने दिलं नाही.

धुरपताबाईंचं म्हणणं पडलं, की बापाला द्यायला काय हरकत होती. यादोराव अभिमानाने हसले. पोस्टाच्या कामात बाप वगैरे काही नसतो, असं त्यांनी समजावून सांगितलं, आणि सोमाजीचं नाव पक्कं केलं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या पैशाने एक कोरं कार्ड घेतलं, त्यावर सही केली आणि ते वेडंवाकडं मधोमध फाडलं. अर्धा तुकडा सोमाजीच्या हातात दिला.

"सोमाजी, कोन्या मानसाले सामान देऊ नोको. मी सोता आलो अन् हात जोडले, तरी दुसरा तुकडा जुळवून पाह्यल्याबिगर दोरीची गाठ सोडू नोको."

सोमाजीने जमिनीकडे पाहिलं. "बरं जी," तो म्हणाला.

सामान भरलं गेलं. बाबासाहेबांची तसबीर धुरपताबाईंनी गादीत गुंडाळून स्वतः वर चढवली. ताडपत्री पडली, दोऱ्या आवळल्या गेल्या, ट्रक गेला, आणि नवरा-बायको एस.टी.ने मागोमाग निघाले. वाटेत यादोरावांनी शेजारच्या दोन प्रवाशांना कार्डाची युक्ती समजावून सांगितली. एकाने ती आपल्या मेहुण्याच्या बदलीत वापरायचं कबूल केलं.

भंडाऱ्यात नव्या घरासमोर ट्रक उभा होता. सोमाजी सावलीत बसला होता. यादोरावांना पाहून तो उठला आणि त्याने खिशातून आपला तुकडा काढला.

यादोरावांनी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात घातला. मग त्यांना आठवलं, की इतका मोलाचा कागद खिशात ठेवणं बरं नव्हे म्हणून त्यांनी तो हिरव्या पेटीत, कोटाखाली ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली त्यांच्या करगोट्याला होती. पेटी ट्रकमध्ये होती.

"पेटी काढ," ते म्हणाले. "तुकडा तिच्यात हाय."

"तुकडा दाखवा जी, मंग काढतो."

"अरे, पेटी काढल्याबिगर तुकडा कसा दाखवू?"

सोमाजीने जमिनीकडे पाहिलं. तो पुन्हा सावलीत बसला.

घरमालकीण गोदावरीबाई बाहेर आल्या. हेच आपले नवे भाडेकरू, आपण यांना चांगलं ओळखतो, अशी त्यांनी ग्वाही दिली. सोमाजी म्हणाला, मीही ओळखतो, ओळखीचा प्रश्नच नाही. समोरच्या घरातले पुंडलिकराव, कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले, चष्मा पुसत आले. मास्तरांनी दुसरं कार्ड घेऊन दुसरी सही करावी, असं त्यांनी सुचवलं. सोमाजी विचारात पडला, पण त्याच्या आधी यादोरावच बोलले. सहीची नक्कल कोणीही करू शकतो, पण फाटलेल्या कडेची नक्कल होत नाही. सगळी खुबी त्या कडेतच आहे. हे त्यांनी इतक्या उत्साहाने पटवून दिलं, की सोमाजी निर्धास्त झाला आणि पुंडलिकराव पुन्हा चष्मा पुसू लागले.

मे महिन्याचं ऊन वर चढलं. गोदावरीबाईंनी चहा केला, सोमाजीलाही दिला. गल्लीतली आणखी चार माणसं जमली. त्यांना सुरुवातीपासून सांगायचं काम यादोरावांकडे आलं आणि दर वेळी त्यांची छाती थोडी अधिक फुगत गेली. भैय्यालाल असता तर केव्हाच सामान टाकून गेला असता, डोमा झोपला असता. हा माणूस मात्र बघा, असं ते सोमाजीकडे बोट दाखवून सांगत. लोक सोमाजीकडे आदराने पाहत. धुरपताबाई रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसून हे सगळं ऐकत होत्या. चूल, पीठ, पाण्याची घागर, सगळं ताडपत्रीखाली होतं.

दुपार कलली तसा सोमाजी उठला. संध्याकाळी गिरणीवर पोती भरायची होती. सामान घेणारा मिळाला नाही तर तो ते आंधळगावला परत नेऊन ठेवणार होता.

"बरोबर," यादोराव सवयीने म्हणाले. "पत्ता सापडला नाई तर पाठवनाऱ्याले परत. नियम तोच हाय." आणि मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यांनी घाम पुसला. पाठवणारेही तेच होते, आणि आंधळगावचं घर सकाळीच दुसऱ्याला दिलं होतं.

सोमाजीने ट्रकचं दार उघडलं. तेव्हा धुरपताबाई उठल्या. पदर सारखा करत त्या ट्रकपाशी आल्या.

"सोमाजी भाऊ, यायनं तुम्हाले काय सांगतलं होतं? कोन्या मानसाले देऊ नोको म्हनून ना?"

"हो जी."

"मंग मले पाहून तुम्हाले मानूस वाटते का?"

सोमाजीने खूप वेळ जमिनीकडे पाहिलं. मग तो यादोरावांकडे वळला. "मास्तर, बाईबद्दल काई सांगतलं होतं का तुमी?"

सगळी गल्ली यादोरावांकडे पाहू लागली. 'माणूस' या शब्दात बाई येते की नाही, याबद्दल त्यांना पुष्कळ सांगता आलं असतं. त्यांनी तोंडही उघडलं. समोर धुरपताबाई उभ्या होत्या, सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नसलेल्या. यादोरावांनी तोंड मिटलं, मग पुन्हा उघडलं.

"नाई," ते म्हणाले. "बाईचा उल्लेख नव्हता."

"मंग सही करा, बाई," सोमाजी म्हणाला, आणि त्याने आपला तुकडा पुढे केला.

धुरपताबाई चौथी शिकल्या होत्या. पुंडलिकरावांचं पेन घेऊन त्यांनी ट्रकच्या फाळक्यावर कार्ड ठेवलं आणि सावकाश, पुऱ्या अक्षरांत, धुरपता यादोराव रामटेके असं लिहिलं. पोस्टात रोज शेकडो सह्या पाहणाऱ्या यादोरावांनी मान वाकडी करून ती सही पाहिली आणि पुंडलिकरावांना कोपराने ढोसलं. त्यांनीही पाहावी म्हणून.

पुढचं काम झपाट्याने झालं. सोमाजी प्रत्येक वस्तू बाईंना विचारून ठेवत होता. यादोरावांनी हिरव्या पेटीला हात लावला तेव्हा त्याने त्यांचा हात नम्रपणे बाजूला केला. थोड्या वेळाने अंगणात उतरवलेल्या खुर्चीवर ते टेकले.

"बाई," सोमाजीने आत हाक दिली, "मास्तर तुमच्या खुर्चीवर बसून राहिले. बसू देऊ का?"

आतला भांडी लावण्याचा आवाज थांबला.

"बसू द्या," धुरपताबाई म्हणाल्या. "थकले आयेत."

दिवेलागणीला पुंडलिकराव पुन्हा आले. त्यांना दिवाळीनंतर बायकोसह नागपूरला मुलाकडे राहायला जायचं होतं, म्हणून सोमाजीचा पत्ता हवा होता. माणूस खरंच भरोशाचा आहे ना, असं त्यांनी दबकत विचारलं.

यादोराव खुर्चीत ताठ झाले. "त्यानं माह्यावर बी भरोसा नाई ठेवला," ते म्हणाले. "आखीन काय पायजे?"

त्यांनी पत्ता सुवाच्य अक्षरात लिहून दिला. मग घरात एकदा पाहून घेतलं, आवाज खाली आणला आणि पुंडलिकरावांच्या कानाशी वाकले.

"पन सामान वहिनीच्या नावानं भरा."