काल्याला निघालेली जीप

कीर्तनकार बुवांना आणताना मानसिंगची जीप गेल्या वर्षी चाकोरीत पोट टेकून बसली आणि सप्ताहाच्या शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन अकराऐवजी दुपारी तीनला उभं राहिलं. काला झाल्याशिवाय पंगत बसत नाही. साऱ्या वस्तीने भाताच्या हंड्यांकडे बघत दिवस काढला. सप्ताहाचे कारभारी आप्पा तेव्हा एवढंच म्हणाले, “फुडल्या साली उशीर केलास, तर बुवास्नी आणायचा मान दुसऱ्याला.”

म्हणून यंदा, पंच्याहत्तर साली, मानसिंगने पंधरा दिवस आधीच जीप सोलापुरात ईश्वरप्पा मिस्त्रींकडे नेली.

“पाच इंच उचला.”

ईश्वरप्पांनी वाकून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बघितले. “उचलतो की. वजन किती असतंय?”

मानसिंगने बोटांवर मोजलं. बुवा, पेटी, पखवाज, सहा टाळकरी. कमी पडायला नको म्हणून वर तीन पाव्हणे धरले.

“यवढं रोज असतंय व्हय? मऊ पाटे घाला, बेताचे शॉकअप घाला. भारी घातले तर रिकामी गाडी उडतीय बघा.”

“उडू दे. घासाय नको.”

मग लॉरीचे पाटे आले, लॉरीचेच शॉकअप आले. जीप उंटासारखी उभी राहिली.

काल्याच्या सकाळी मानसिंग बुवांच्या दारात हजर झाला. टाळकरी पेटी-पखवाज घेऊन आदल्या दिवशीच एस.टी.ने गेले होते. उरले रावजीबुवा, अंगाने चिपळीएवढे. स्टुलावर चढून ते आत बसले. पहिल्याच खड्ड्याला ते टपाला लागले आणि फेटा नाकावर आला.

“मानसिंग, गाडी हाय का घोडं?”

“बुवा, वजन कमी पडतंय.”

“माझं? घरात बी हेच म्हणत्यात.”

मंद्रूपच्या पुढे काल्यालाच चालत निघालेली मंडळी भेटली. मानसिंगने हातापाया पडून दहा जणांना आत घेतलं. गाडी पाळण्यासारखी चालू लागली. बुवांनी डोळे मिटून अभंग गुणगुणायला घेतला. एवढ्यात चाकोरी आली, आणि खाली दबलेलं जीपचं पोट मधल्या वरंब्यावर अलगद टेकलं.

सगळे उतरले. जीप वर आली. सगळे चढले. जीप बसली. असं दोनदा झालं.

“आमी बसलो की बसती, उठलो की उठती,” त्यांतली बजाबाई म्हणाली. “लई मानपान करती बाई ही.”

साडेदहा झाले होते. वस्ती मैलभर राहिली होती.

“बुवा, तुमी एकटेच बसा.”

बुवांनी आधी फेटा चाचपला, मग कंबर. “नगं बाबा. काल्याला आवाज लागतो, नि आवाजाला कंबर. तू हो फुडं. सांग, बुवा चालत येतोय.”

मानसिंग रिकाम्या जीपमध्ये उड्या मारत अकराच्या आधीच मंडपापाशी पोचला. दहीहंडी बांधून तयार होती. पंगतीचा स्वयंपाक बघणाऱ्या मुक्ताबाईने भाताच्या हंड्यांवरची झाकणं सारखी केली. आप्पांनी जीपमध्ये वाकून बघितलं, मग मागे जाऊन बघितलं.

“बुवा कुटं हायत?”

“मागं उतरवले,” मानसिंग म्हणाला. “नायतर गाडी येळेवर पोचली नसती.”

आप्पांनी शांतपणे मान हलवली.

“बरं केलंस. फुडल्या साली बुवास्नी बैलगाडी धाडतो. तू तुझी गाडी घेऊन अशीच येळेवर ये.”