गद्रे सरांचा लांबलचक प्रश्न

कालव्यावरच्या पादचारी पुलाच्या मधोमध एखादे किडकिडीत गृहस्थ गुडघ्यांत वाकून वर-खाली होताना दिसले, तर घाबरू नका. ते गद्रे सर. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पायाखालचा पोलादी पूल चक्क डुलायला लागतो. डच आजीबाई सायकलवरून उतरून कठडा धरतात आणि सर खुशीत म्हणतात, "सापडली याची लय!" पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढासा माणूस नुसत्या गुडघ्यांनी पूल हलवतो म्हणजे काय!

सर मूळचे कराडचे. इथल्या डच विद्यापीठात मेकॅनिकलला डायनॅमिक्स, म्हणजे हलण्या-डुलण्याचं शास्त्र, शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. समुद्रातल्या पवनचक्क्या वादळात किती थरथरतील याचं गणित मांडणारे लोक सरांचं नाव निघालं की आदरानं आवाज खाली आणतात. पण घरी जेवायला बोलवा, सर आधी वॉशिंग मशीनवर तळहात ठेवणार. "हलतंय. का हलतंय?" एवढंच विचारणार आणि आमटी गार होईपर्यंत मशीनखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारत बसणार. त्यानंतर मशीन मुकाट चालतं, हेही खरं.

एरवी सर मितभाषी. फक्त पीएचडीच्या जाहीर परीक्षेत परीक्षकाचा काळा झगा अंगावर चढला की त्यांचं तोंड सुटायचं. इथली पद्धत अशी, की परीक्षेचा एक तास पुरा झाला की एक बाई छुमछुमणारी काठी घेऊन सभागृहात येते, वेळ संपल्याचं लॅटिनमध्ये पुकारते, आणि वाक्य अर्धं राहिलं तरी सगळे गप्प. सर शेवटचा नंबर मागून घ्यायचे आणि प्रश्नाचं असं पाल्हाळ लावायचे, की उत्तराआधी बाई हजर. "सरांना झग्याची नशा चढते," असं आम्ही विद्यार्थी म्हणायचो.

माझ्या परीक्षेला आईबाबा मिरजेहून आले होते. पहिल्या रांगेत, बाबा नव्या कोटात. इथवर पोचलेल्याची डिग्री सहसा जात नाही, अब्रू जाते. बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षक बाईंनी माझ्या चौथ्या प्रकरणातलं एक गृहीतक उचललं आणि विचारलं, हे कशावरून? मी प्रबंधाची पानं उलटत राहिले. बाईंनी पुन्हा विचारलं. बाबांना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत होता.

तेवढ्यात गद्रे सरांनी हात वर केला. "याच मुद्द्यावर माझा प्रश्न आहे," म्हणाले आणि झोपाळ्यापासून सुरू झाले. झोपाळ्यावरून चर्चच्या घंटेवर, घंटेवरून पवनचक्कीवर, थेट काठी वाजेपर्यंत. सभागृह हसलं. मी सुटले.

डिग्री हातात पडल्यावर चीजच्या टेबलापाशी मी त्यांना गाठलं. "सर, शेवटी प्रश्न काय होता?"

"नव्हताच. चौथ्या प्रकरणाचं उत्तर मात्र सोमवारी घेऊन ये." मग म्हणाले, "मीही असाच अडकलो होतो. कुणी मध्ये पडलं नाही. समोर आमचे अण्णा, म्हणजे वडील, बसलेले. मी पास झालो गं, पण ते आठवडाभर माझी समजूतच काढत होते. 'होतं असं, पुन्हा परीक्षेला बस' म्हणून. मी पास झालोय हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही."

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं आम्ही ज्याला नशा म्हणून हसलो, ते हे मध्ये पडणं होतं.

सर माझ्या बाबांकडे गेले. त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "मुलगी पास झाली बरं का तुमची."

"हो, कळलं की!" बाबा हसून म्हणाले.

सरांनी हात सोडला नाही. "नक्की कळलं ना?"